गाडीत सांडलेलं तेल आणि हटत नसलेला वास: नाशिकमध्ये मिळणारे उपाय कितपत कामाचे?

पार्सल मिसळीची तर्री, लाकडी घाण्यावरून आणलेला शेंगदाणा तेलाचा डबा, गावाकडून आलेली लोणच्याची बरणी, ट्रॅक्टरसाठी भरून घेतलेला डिझेलचा कॅन. नाशिकच्या गाड्यांत सांडतं ते बहुतेक यातलंच काहीतरी. आणि सांडल्यावर पहिली खरेदी होते ती डॅशबोर्डवर ठेवायच्या परफ्यूमची. इथेच गणित चुकतं. बाजारातल्या पावडरी, लिक्विडं, मशीनं आणि वॉशिंग सेंटर-डिटेलिंगवाल्यांच्या सेवा यांतलं काय खरंच उपयोगी पडतं, हे पाहताना आम्ही एकच कसोटी लावली आहे: यानं तेल गाडीबाहेर निघतं का? निघत नसेल तर वास परत येणार, वस्तू कितीही महाग असो.

वास बसतो कुठे

फ्लोअरवर दिसणारं कार्पेट जेमतेम काही मिलिमीटर जाड असतं. त्याखाली नमद्याचा (दाबून बनवलेल्या तंतूंचा, म्हणजे फेल्टचा) किंवा फोमचा जाड थर असतो आणि त्याखाली पत्रा. तेल कार्पेटवर थांबत नाही, नमद्यात उतरतं आणि तिथे पसरतं. वरचा डाग तळहाताएवढा दिसला तरी खालचा बराच मोठा असू शकतो. सीटचंही तसंच: कापड पातळ, आत फोम जाड.

खाद्यतेल ताजं असताना फारसा वास येत नाही, म्हणून पहिले दोन-चार दिवस सगळं ठीक वाटतं. मग हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते खवट व्हायला लागतं. सोयाबीन आणि साधं सूर्यफूल तेल लवकर खवट होतं, शेंगदाणा तेल जरा उशिरा. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या आतलं तापमान ६० अंशांच्या घरात जातं, त्यामुळे एरवी महिनाभर लागणारी क्रिया काही दिवसांत उरकते. जुनं झालेलं तेल चिकट रोगणासारखं घट्ट होतं, आणि मग ते काढायला दुप्पट मेहनत लागते.

खनिज तेलांची तऱ्हा वेगळी. पेट्रोल उडून जातं. इंजिन ऑइल डाग पाडतं, पण वास त्या मानानं कमी. डिझेलमधले जड घटक फार हळू उडतात, म्हणून त्याचा वास महिनोन्महिने टिकतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून ये-जा करणाऱ्या गाड्यांत कटिंग ऑइलही, म्हणजे धातू कापताना यंत्रावर सोडतात ते तेल, सांडतं. ते पाण्यात मिसळलेलं असतं, त्यात जिवाणू वाढतात आणि सडका वास सुटतो. कशाचा वास आहे हे कळल्याशिवाय उपाय निवडू नका.

पहिला तास: पावडरी

पुसू नका, टिपा. घट्ट मसाला आणि फरसाणाचा चोथा प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डानं कडेकडून मध्याकडे गोळा करून उचला. मग वर्तमानपत्राची आठ-दहा पानांची घडी ठेवून तळव्यानं दाबा, पान तेलकट झालं की बदला. घासलं की तेल तंतूंत खोल जातं आणि डागाचा घेर वाढतो.

त्यानंतर पावडर. खाण्याच्या सोड्याची शिफारस सगळीकडे होते, पण तेल शोषण्यात तो कमजोर आहे. सोडा आंबट, आम्लधर्मी वासांवर चालतो: नासलेलं दूध, उलटी. कसाऱ्याच्या घाटात मुलाला गाडी लागली तर सोडा जरूर वापरा, तर्रीवर वापरून हाती फार काही लागत नाही. तेलासाठी आमची पसंती मुलतानी मातीला. तेल ओढणं हेच तिचं मूळ काम, आणि कुठल्याही आयुर्वेदिक किंवा किराणा दुकानात ती स्वस्तात मिळते. अर्धा सेंटिमीटर थर द्या, चार-सहा तास ठेवा, व्हॅक्यूमनं ओढा, पावडर तेलकट निघत असेल तर पुन्हा थर द्या. दोन अटी आहेत. माती निघेपर्यंत तिथे पाण्याचा थेंब पडता कामा नये, नाहीतर चिखल होऊन तंतूंत बसते. आणि फिकट बेज कापडावर ती पिवळसर धूळ सोडते, तिथे मक्याचं पीठ म्हणजे किराण्यातलं कॉर्नफ्लोअर बरं. कॉर्नफ्लोअर मात्र शेवटच्या कणापर्यंत काढा. पावसाळ्यात उरलेल्या पिठावर बुरशी धरते.

डिकीसाठी बेंटोनाइट मातीचं कॅट लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये घालतात ते दाणे, उत्तम. दाणे मोठे असल्यानं ते हातानंही गोळा होतं. घरच्या कोरड्या व्हॅक्यूमनं बारीक माती ओढली तर फिल्टर तुंबतो, त्यामुळे आत बॅग असलेलंच मशीन वापरा.

तेल ड्रायव्हरच्या पायाशी सांडलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी पेडलची रबरं आणि मॅट साबणानं धुऊन कोरडी करा. ब्रेकवरून पाय घसरला तर वासाची चिंता फार लहान ठरते. डॅशबोर्डची पॉलिश पेडलवर किंवा स्टिअरिंगवर कधीही लावू नका, तीही निसरडी असते.

लिक्विडं

घरचं भांडी घासायचं लिक्विड हा अजूनही सगळ्यात चांगला स्वस्त पर्याय. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा, म्हणजे ५ मिली, बस. हात घालून फेस काढा आणि ब्रशनं फक्त फेस वापरा, पाणी ओतू नका. जास्त साबण घातला म्हणजे जास्त स्वच्छ होतं असं नाही. उरलेला साबण वाळून चिकट होतो, धूळ धरतो आणि पंधरा दिवसांत तोच भाग काळा पडतो. साध्या पाण्यानं ओला केलेला मायक्रोफायबर कपडा दोनदा फिरवून साबण काढणं हा कामाचा अर्धा भाग आहे.

गाडीसाठी विकलं जाणारं ऑल पर्पज क्लीनर, म्हणजे एपीसी, जुन्या घट्ट तेलावर साबणापेक्षा जास्त चालतं. कापडावर एका भागाला दहा भाग पाणी, लेदरेटवर एकाला वीस. फवारा, पाच मिनिटं थांबा, नरम ब्रशनं फिरवा, ओढून घ्या. ते जागेवर वाळू देऊ नका. तयार फेसाचे डबे वापरायला सोपे आहेत आणि वरचा डाग छान काढतात, पण फेस नमद्यापर्यंत पोहोचत नाही. चहाच्या कपाएवढं तेल सांडलं असेल तर त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

एन्झाइम क्लीनर पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. दूध, तूप, उलटी, मांसाचा रस्सा यांवर ते खरंच प्रभावी आहेत, मात्र लेबलवर प्रोटीज आणि लायपेज दोन्ही आहेत का ते बघून घ्या. तूप-तेल तोडणारं लायपेजच. सहा-आठ तास तो भाग ओला राहिला तरच एन्झाइम काम करतात, म्हणून वरून प्लॅस्टिक अंथरा. उकळत्या पाण्यात किंवा जंतुनाशकासोबत वापरले तर ते निकामी होतात. डिझेल आणि इंजिन ऑइलवर त्यांचा उपयोग नाही.

रॉकेल, थिनर, पेट्रोल वापरून डाग काढणारे अजून भेटतात. कृपया करू नका. फोम चिकटवलेला गोंद सुटतो, प्लॅस्टिक विटतं आणि बंद गाडीत साठलेली वाफ एका ठिणगीनं पेटू शकते.

हळदीचं प्रकरण

तर्री आणि लोणच्याचा डाग दोन थरांचा असतो. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळलेला असल्यानं बराचसा तेलासोबत निघतो. हळद मात्र कापडालाच धरते. कपड्यांची पावडर किंवा सोडा लागला की हळदीचा डाग लालसर तपकिरी होतो, आणि डाग वाढला म्हणून माणूस अजून जोरात घासतो. घाबरायचं कारण नाही. अल्कली लागली की हळदीचा रंग बदलतोच, साध्या पाण्यानं पुसल्यावर तो परत पिवळ्याकडे येतो.

क्रम असा ठेवा: आधी तेल पूर्ण काढा, मग हळदीकडे वळा. हळदीवर सगळ्यात भरवशाचा उपाय ऊन. दार उघडं ठेवून दोन-तीन दिवस थेट ऊन पडू दिलं की पिवळेपणा बराच उडतो. तरी राहिला आणि कापड फिकट रंगाचं असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा ६ टक्क्यांचं असतं, त्यात तितकंच पाणी मिसळा. आधी सीटच्या मागच्या कोपऱ्यात लावून पाहा. गडद कापडावर आणि लेदरवर नको, व्हिनेगरमध्ये मिसळूनही नको.

सीट बेल्टवर डाग असेल तर फक्त सौम्य साबण, पाणी आणि सावलीत वाळवणं. ब्लीच किंवा सॉल्व्हंटनं पट्ट्याची ताकद कमी होऊ शकते.

मशीन: खरा फरक इथे पडतो

वेट-ड्राय व्हॅक्यूम किंवा स्प्रे-एक्स्ट्रॅक्टर. एकदाच पैसे घालायचे असतील तर यावर घाला, किंवा दिवसभरासाठी भाड्यानं मिळतं का ते विचारा. साधारण ५० अंशांचं पाणी थोडं फवारायचं आणि लगेच ओढायचं. एकदा ओलं, तीनदा कोरडं, हात सावकाश. एका सीटच्या बैठकीला अर्धा लिटरपेक्षा जास्त पाणी आत जाऊ देऊ नका. टाकीत गोळा होणारं पाणी बघत राहा. सुरुवातीला ते गढूळ, वर तेलाचे डोळे तरंगणारं असतं. ते डोळे दिसायचे थांबले की काम होत आलं.

दूध किंवा अंडं सांडलं असेल तर पहिला हात थंड पाण्याचा. गरम पाण्यानं त्यातलं प्रथिन घट्ट होऊन बसतं. स्टीम मशीनबद्दल आमचं मत सावध आहे. दरवाजाचं प्लॅस्टिक आणि एसीच्या जाळ्या साफ करायला ते छान, पण फोमवर एकट्या वाफेनं तेल पातळ होऊन आणखी खाली उतरतं.

नमदा भिजला असेल तर कार्पेट उचलावंच लागतं. दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी क्लिपांवर असते, ती वर ओढली की निघते. सीट बऱ्याच गाड्यांत चार बोल्टवर असते. सीट काढायची तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून दहा मिनिटं थांबा, आणि सीटखालचे पिवळे कनेक्टर जपा, ते एअरबॅगचे आहेत. बॅटरी जोडलेली असताना ते काढले आणि इग्निशन चालू झालं तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलला हात लावायचा नाही.

डिकीत स्टेपनीचा खड्डा तपासा. तेल शेवटी तिथेच साचतं. पत्रा रंगवलेला असल्यानं तो साफ करणं सोपं: कागदानं टिपा, एपीसी मारा, पुसा. स्टेपनीला डिझेल किंवा तेल लागलं असेल तर टायर साबणानं धुवा, नाहीतर रबर फुगतं. तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा गोळा डिकीत ठेवू नका. सोयाबीनसारखी तेलं हवेत आपोआप तापतात, आणि उन्हात हे धोक्याचं आहे. तेलकट पाणी गटारात ओतलं तर ते नासर्डीमार्गे गोदावरीतच जाणार. बादलीत साठवा, भुशात किंवा मातीत जिरवून कचऱ्याच्या गाडीत द्या.

सीट कव्हर आणि ७डी मॅट

आपल्याकडच्या गाड्यांचा हा खास प्रश्न. लेदरेट कव्हर पुसलं की सीट साफ झाली असं वाटतं, पण तेल शिलाईच्या भोकांतून कव्हरच्या अस्तराच्या फोममध्ये आणि तिथून मूळ सीटमध्ये गेलेलं असतं. कव्हर काढल्याशिवाय साफसफाई करणं व्यर्थ. पूर्ण फ्लोअर झाकणारी ७डी मॅटही वरून धुतली की चकचकीत दिसते. सांध्यातून आत गेलेलं तेल तिच्याखाली कोंडलेलं राहतं, आणि त्याला हवाही लागत नाही. वास कुठून येतो ते सापडत नसेल तर पहिल्यांदा हीच मॅट उचला.

सेवा कशा आहेत

गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिक रोड, कुठेही जा, इंटीरिअर क्लीनिंग करून देणारी सेंटरं आहेत. साधारण हजार-दीड हजारांपासून सुरुवात होते, मोठ्या गाडीला आणि सीट काढून करायच्या कामाला बरंच जास्त. आम्ही नावं देत नाही, कारण फरक दुकानापेक्षा कामाच्या पद्धतीत असतो. सरसकट चालणारी पद्धत अशी: सगळीकडे फेस, ब्रश, कपडा, डॅशबोर्डला सिलिकॉनची चमक आणि शेवटी दणकट परफ्यूम. धुळीसाठी हे ठीक आहे. सांडलेल्या तेलासाठी अपुरं आहे. ओला झालेला फोम वाळताना खालचं तेल वर खेचून आणतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डाग त्याच जागी परत दिसतो.

गाडी देण्याआधी चार गोष्टी विचारा. सीट काढणार का? एक्स्ट्रॅक्टर आहे का, की नुसता व्हॅक्यूम? कार्पेट उचलून खालचा नमदा बघणार का? गाडी किती वेळ ठेवणार? दोन तासांत गाडी परत देतो म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका, तेवढ्यात फोम वाळतच नाही. 'काय सांडलं, कधी सांडलं' हे स्वतःहून विचारणारा कारागीर मिळाला तर चार पैसे जास्त गेले तरी त्यालाच द्या.

ओझोन ट्रीटमेंट, म्हणजे बंद गाडीत मशीननं ओझोन वायू सोडणं, हल्ली जोरात विकली जाते. सिगारेटचा किंवा बंद गाडीचा कुबट वास असेल तर ती उपयोगी आहे. तेलाच्या बाबतीत मात्र क्रम महत्त्वाचा. ओझोन हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या वासाच्या रेणूंना तोडतो, फोमच्या पोटात शिरत नाही. उलट आत खाद्यतेल शिल्लक असेल तर ओझोन त्याच्याशीच भिडतो आणि नवेच अल्डिहाइड तयार करतो, त्यांचा मेणचट, खवट वास येतो. ओझोननंतर वास बदलला पण गेला नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. म्हणून तेल निघाल्यावर, सगळ्यात शेवटी, एकदाच, २०-३० मिनिटं. त्या वेळी गाडीत माणूस, प्राणी कोणी नको, आणि नंतर तासभर तरी सगळी दारं उघडी. वारंवार केलं तर दाराच्या रबरांना तडे जातात.

वास झाकणाऱ्या वस्तू

जेल, स्प्रे, आरशाला लटकवायची झाडाच्या आकाराची सुगंधी कार्डं: तेल काढायला यांचा काहीच उपयोग नाही. खवट वासात लिंबाचा वास मिसळला की लांबच्या प्रवासात मळमळ आणखी वाढते. कॉफी पावडर स्वतःचा वास सोडते. बंद गाडीत उन्हात कापूर ठेवणं डोकं दुखवतं, आणि त्याची वाफ ज्वलनशील असते. अॅक्टिव्हेटेड चारकोलच्या पिशव्या मात्र घेण्यासारख्या आहेत. २०० ग्रॅमच्या दोन, सीटखाली, काचा बंद ठेवून. तेल निघाल्यानंतर उरलेला हलका वास त्या आठवड्याभरात ओढतात. शेगडीचा कोळसा त्याला पर्याय नाही, त्याची छिद्रं त्या मानानं फारच कमी.

केबिन फिल्टर बदला. तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि काढायला पाच मिनिटं लागतात. आतल्या काचांवर तेलकट पापुद्रा बसतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा. छताचं कापड भिजवू नका, गोंद सुटून ते लोंबायला लागतं.

एक इशारा सीएनजी गाड्यांसाठी. गॅसला मुद्दाम दिलेला वास गंधकयुक्त असतो आणि सडक्या कांद्याच्या वासाशी त्याची सहज गल्लत होते. लासलगाव-पिंपळगावकडून कांद्याच्या गोण्या डिकीतून आणणाऱ्यांनी 'कांद्याचाच असेल' असं गृहीत धरू नये. गोण्या काढून, दारं उघडी ठेवूनही वास येत असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, गाडी उघड्यावर ठेवा, चालू करू नका आणि मेकॅनिकलाच तिथे बोलवा.

वाळवणं

जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे काम टाळता आलं तर टाळा, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबककडे गाडी उभी राहत असेल तर. करावंच लागलं तर कार्पेट आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालून फट ठेवा, दारात उभा पंखा लावा आणि रात्रभर चालू द्या. दिवसा एसी रीसर्क्युलेशनवर अर्धा-एक तास चालवला की आतला दमटपणा कमी होतो. उन्हाळ्यात नाशिकची कोरडी हवा निम्मं काम करून टाकते. नमद्याखाली टिश्यू दाबून पाहा. तो ओला निघाला तर कार्पेट परत लावू नका.

डिझेल, आणि हार कधी मानायची

लिटरभर डिझेल नमद्यात गेलं असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: क्लीनरवर पैसे घालत बसू नका, तेवढा तुकडा बदला. पत्रा आणि कार्पेटची पाठ एपीसीनं दोनदा धुवा, जुना तुकडा कागदावर ठेवून आकार काढा आणि सीट कव्हर शिवणाऱ्या कुशनवाल्याकडून त्याच जाडीचा नमदा कापून घ्या. वायरिंगसाठी असलेल्या खाचा जशाच्या तशा ठेवा, नाहीतर वायरींचा जुडगा दाबला जातो. जास्त जाड घातला तर कार्पेट वर उचलतं. म्हणून सगळं परत बसवल्यावर, गाडी बंद असताना, तिन्ही पेडल पूर्ण तळापर्यंत दाबून पाहा आणि अॅक्सिलरेटर कार्पेटला कुठे अडत नाही याची खात्री करूनच किल्ली फिरवा.